मोक्षपट : एका घरगुती खेळाचा इतिहास

आंबवड्यास नवा पाहुणा आला म्हणजे आपण त्यास प्रथम झुलता पूल दाखवितो. १९३६ साली भोरच्या पंतसचिवांनी बांधविलेला हा पूल ओलांडून गेले की नागेश्वराचे देऊळ लागते आणि शंकराजी नारायण सचिवांची समाधी लागते. कान्होजी जेध्यांची समाधीही याच गावी. पाहुणा ऐतिहासिक वृत्तीचा असेल तर तो समाधीपाशी थांबतो. मुलेबाळे बरोबर असतील तर पुलावरच अधिक रमतो. आम्ही आज ज्या विषयावर बोलणार आहो तो समाधी आणि पूल या दोन्हींच्या मधला आहे. खेळाचा आहे, आणि मरणानंतर माणूस कोठे जातो याचाही आहे.

विषय निवडण्यास कारण झाले ते सांगतो. त्यात आमचीच चूक आहे. आम्ही लहान असताना एका पावसाळ्यात आमच्या घराच्या माळ्यावर गळती लागली. कोपऱ्यातल्या पेटीत पोथ्यांचे रुमाल होते. काहींना वाळवी लागली होती, काही भिजून एकमेकांस चिकटले होते. असे जीर्ण ग्रंथ घरात ठेवू नयेत, टाकू नयेत, वाहत्या पाण्यात सोडावेत, ही आपल्याकडची रीत. ते काम आम्हां मुलांकडे आले. रुमाल सोडताना त्यात खळ दिलेल्या जाड कापडाची एक घडी निघाली. उलगडली तो आत चौकोन आखलेले, प्रत्येकात तांबड्या-काळ्या शाईने काही लिहिलेले, आणि वरून खाली सरपटणारे लांबच लांब साप. आम्ही आजीस विचारले, "आजी, ही सापशिडी का गं?" ती म्हणाली, "सापशिडी नव्हे रे, तो मोक्षाचा पट. शिवरात्रीला जागायचे असे तेव्हा आम्ही त्यावर कवड्या टाकीत असू." आम्हांस वाटले, शाळेत मिळते ती छापील सापशिडी याहून कितीतरी झगझगीत. घडी पोथ्यांबरोबर ओढ्यास गेली. पावसाळ्याचे पाणी, क्षणात दिसेनाशी झाली.

पुढे इतिहासाची गोडी लागली, जुने कागद वाचू लागलो, तेव्हा आपण काय सोडून दिले याची कल्पना आली. त्या घरांत कोणती नावे लिहिली होती हे आज सांगणारे कोणी नाही. तेव्हा दुसरीकडे उरलेल्या पटांवरून त्याची वंशावळ लावणे एवढेच आमच्या हाती आहे.

मोक्षपट म्हणजे काय, हे आधी सांगितले पाहिजे, कारण आज पन्नाशीच्या आतल्या माणसाने तो खेळलेला असण्याचा संभव थोडा. पटावर घरे आखलेली असतात. घरांची संख्या एक नाही: वैष्णव पटांत बहुधा ७२, जैनांच्या 'ज्ञानबाजी'त बहुधा ८४, काही पटांत शंभराच्या वर. प्रत्येक घराला नाव असते. खालच्या बाजूस जन्म, माया, क्रोध, लोभ, नाना प्रकारचे नरक. मध्ये दान, तप, सत्संग, तीर्थयात्रा. वर स्वर्गलोक आणि शेवटी वैकुंठ, कैलास किंवा मोक्ष. सद्गुणाच्या घरातून शिडी वर नेते, दुर्गुणाच्या घरात सापाचे तोंड असते. उताण्या-पालथ्या कवड्या मोजून किंवा फासा टाकून सोंगटी पुढे सरकवायची. ७२ घरांच्या पटाची एक गंमत आहे. त्यात वैकुंठ शेवटच्या घरात नसून अडुसष्टाव्या घरात असते. दान मोठे पडले आणि सोंगटी त्याच्या पलीकडे गेली, तर ती अधिक पुण्यवान ठरत नाही. बहात्तराव्या घरात तमोगुण बसलेला असतो आणि तेथला साप तिला पुन्हा खाली आणतो. देवाच्या पुढे धावणाऱ्याचीही सोय पट करणाऱ्याने करून ठेवली आहे!

भारतातून बाहेर पाहिले तर याच कुळातले खेळ बौद्ध देशांत घरोघर खेळले गेलेले आढळतात. मात्र स्वतः बुद्धाला असल्या खेळांचे काय वाटत होते हे आधी पाहणे मौजेचे आहे. दीघनिकायातले पहिलेच सुत्त ब्रह्मजालसुत्त. लोकांनी श्रद्धेने दिलेल्या अन्नावर जगणारे काही श्रमण-ब्राह्मण कसकसल्या खेळांत वेळ घालवितात आणि श्रमण गौतम त्यांपासून कसा दूर राहतो, याची एक यादीच तेथे दिली आहे. अट्ठपद म्हणजे आठ-आठ घरांच्या ओळींचा पट. दसपद म्हणजे दहा-दहांचा. आकास म्हणजे तोच डाव पट न मांडता मनातल्या मनात खेळणे. परिहारपथ म्हणजे जमिनीवर रेघा काढून नेमके पाऊल टाकीत जाणे, आपल्या मुलींच्या ठिकरीसारखे काहीतरी. पुढे फासे आहेत, काड्या आहेत, खेळण्यातला रथ आणि धनुष्य आहे. यादीत 'मोक्खचिका' असेही एक नाव आहे. ते वाचून मोक्षपट बुद्धकाली होता असे म्हणण्याचा मोह कोणास झाल्यास त्याने तो आवरावा. टीकाकारांच्या मते तो कोलांट्या उड्यांचा प्रकार आहे.

या सर्व खेळांना सुत्तात जुगाराच्या आणि प्रमादाच्या जागा म्हटले आहे. आक्षेप आनंदावर नाही. दुसऱ्याच्या कष्टाचे अन्न खायचे आणि दिवस फाशांवर दवडायचा, यावर आहे. यादी अशी बारकाईने द्यावी लागली याचाच अर्थ खेळ सर्वत्र चालू होते. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातल्या भारहूतच्या स्तूपावर, जो १८७३ साली कनिंगहॅम यांना सापडला, खडकावर बसून पट खेळणाऱ्या माणसांचे एक शिल्प आहे. त्यांच्यापुढे चौकोन आखलेले आहेत आणि खडक दुभंगलेला दाखविला आहे. म्हणजे भक्तांनी बांधलेल्या बौद्ध स्तूपावरच हा डाव दगडात उतरला आहे. आपल्याकडे नाणेघाटात, जेथे सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे, तेथेही खडकात कोरलेले खेळाचे खळगे आढळले आहेत. त्यांचा काळ ठरविणे कठीण. घाटावर जकातीसाठी किंवा पाऊस उघडण्यासाठी थांबलेला कोणताही माणूस, कोणत्याही शतकात, छिन्नीने चार खळगे करू शकतो. वेरुळास तर गंमतच आहे. पहिल्या बारा लेण्यांत बौद्धांचे विहार आणि चैत्य. तेथून थोडे पुढे गेले की चौदाव्या आणि एकविसाव्या लेण्यात शिव-पार्वती पट मांडून बसलेली. ज्या गोष्टीला एका डोंगरातल्या पहिल्या वस्तीच्या गुरूने वर्ज्य ठरविले, ती शेजारच्या वस्तीचा देव खुशाल खेळतो आहे, आणि काही शिल्पांच्या खुणांवरून हरतोही आहे.

असे असता बौद्धांनीच पुढे निर्वाणाचा पट मांडला, हे कसे झाले? तिबेटात शाक्य पंडित नावाचा थोर विद्वान होऊन गेला, इ. स. ११८२ ते १२५१. आपली आजारी आई अंथरुणावर पडली असता तिचे मन रमावे म्हणून त्याने हा खेळ रचला, अशी तिबेटी लोकांची आख्यायिका आहे. पटाचे नाव बोधीच्या भूमी आणि मार्ग यांवरून पडलेले. खाली नरक आणि प्रेतलोक, मध्ये मनुष्यलोक, वर देवलोक, त्यावर निरनिराळ्या साधनांच्या वाटा आणि सर्वांवर बुद्धत्व. फाशावर ठिपके नसतात, अक्षरे असतात; आणि सोंगटी घरे मोजीत पुढे जात नाही. प्रत्येक घरात लिहिलेले असते की अमुक अक्षर पडले तर येथून अमुक लोकी जा. एकाच दानाने एकजण स्वर्गी जातो आणि दुसरा, तो दुसऱ्या घरात उभा असल्यामुळे, नरकात. कोठे उभे आहात त्यावर पुढचे ठरते, हा कर्माचा विचार आपल्या सापशिडीपेक्षा या पटात अधिक नीट उतरला आहे, असे आम्हांस वाटते. १९७७ साली मार्क टॅट्झ आणि जोडी केंट यांनी हा पट इंग्रजीत पुस्तकरूपाने आणला, तेव्हापासून तो बाहेरच्या जगास चांगला परिचित झाला.

जपानातही असाच प्रकार झाला. तेथे सुगोरोकू नावाचे पट नववर्षाच्या सुट्टीत सारे कुटुंब मिळून खेळत असे. त्यातला एक जुना प्रकार अमिताभ बुद्धाच्या सुखावती लोकाचा. फाशावर अंकांच्या जागी बुद्धवंदनेतली सहा अक्षरे. छापखाने वाढले तसे प्रवासाचे पट निघाले. एदो ते क्योतो या तोकाइदो रस्त्यावरच्या ५३ मुक्कामांचा पट त्यात प्रसिद्ध आहे. शिकोकू बेटावर कूकाई ऊर्फ कोबो दाइशी (७७४–८३५) याच्या नावाने ८८ बौद्ध देवळांची यात्रा चालते. पायी केली तर सुमारे १,२०० किलोमीटर. बेटाभोवती फिरून यात्रेकरू निघाला तेथेच परत येतो. ज्या देशात वाटचालीचे इतके पट निघाले, तेथे घरातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी अशी यात्रा चटईवर बसून फाशांनी करावी, ही कल्पना सुचणे अगदी स्वाभाविक होते. आपल्याकडे ज्याला पंढरीची वारी घडत नाही तो घरी बसून मनाने वाट चालतो; त्याला जर कोणी पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद अशी घरे आखून दिली असती तर तोही खेळला असता.

आता घरचा प्रश्न. मोक्षपट ज्ञानेश्वरांनी तयार केला, असे आपण नेहमी ऐकतो. वर्तमानपत्रांतून तर 'सापशिडीचा शोध तेराव्या शतकात ज्ञानेश्वरांनी लावला' असे सरळ विधानच छापून येते. त्यामागची आख्यायिका अशी, की निवृत्तिनाथ आणि ज्ञानदेव भिक्षेस जात तेव्हा मागे राहिलेल्या धाकट्या सोपान-मुक्ताईंचा वेळ जावा आणि त्यांना चार चांगल्या गोष्टी कळाव्यात म्हणून हा खेळ रचला. कथा इतकी गोड आहे की तिच्यावर शंका घेताना आपल्यालाच अपराध्यासारखे होते. परंतु व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर आम्ही दुसरे काय करावे?

पुरावा पाहू. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात ग्रंथपाल असलेले वा. ल. मंजूळ यांनी या खेळाचा चिकाटीने शोध घेतला. रा. चिं. ढेरे यांच्या हस्तलिखितसंग्रहात त्यांना दोन मोक्षपट मिळाले: सुमारे वीस इंच लांब-रुंद, पन्नास घरांचे, पहिले घर जन्माचे आणि शेवटचे मोक्षाचे, आणि खेळण्यास सहा कवड्या. डेन्मार्कचे याकोब श्मिट-मॅडसन यांनी २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठास याच कुळातल्या पटांवर मोठा प्रबंध सादर केला. त्याचा विषय अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकातला पश्चिम हिंदुस्थान असा आहे. आणि तो तसा आहे याचे कारण उघड आहे. हाती असलेले पट त्या काळचे आहेत. ज्ञानदेवांचा जन्म १२७५ सालचा, समाधी १२९६ सालची. मध्ये चारशे वर्षांहून मोठी दरी आहे आणि तिच्यावर टाकण्यास ज्ञानदेवांच्या काळचा एकही पट पुढे आलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, कापड आणि कागद किती टिकणार? हे म्हणणे खरे आहे, आणि आमच्याच घरच्या ओढ्याची साक्ष त्यास आहे. पोथी वाचून झाली की रुमालात बांधून ठेवतात. पट मात्र जमिनीवर पसरतात, त्यावर मुले गुडघे टेकतात, दिव्याचे तेल सांडते. फाटला की नवा काढतात आणि जुना फेकतात. म्हणून पट सापडत नाही यावरून पट नव्हता असे सिद्ध होत नाही. पण होता असेही त्यावरून सिद्ध होत नाही. ज्ञानदेवांच्या नावावर मागाहून चढलेल्या रचना थोड्या नाहीत, हे वारकरी संप्रदायाच्या अभ्यासकांस ठाऊक आहे. एकनाथांनी हमामा, फुगडी, हुतुतू, एकीबेकी हे खेळ रूपक करून वापरले. संतांनी मुलांचे खेळ हातात घेतले यात शंका नाही. मोक्षपटाचा विचार या परंपरेस अनोळखी नाही, एवढे त्यावरून म्हणता येते. अमुक संताने तो अमुक साली केला, हे म्हणता येत नाही.

येथे शाक्य पंडिताच्या आईची पुन्हा आठवण करावीशी वाटते. तिबेटी माणूस म्हणतो, आमच्या सर्वांत मोठ्या पंडिताने आजारी आईसाठी खेळ केला. मराठी माणूस म्हणतो, आमच्या सर्वांत लाडक्या संताने पोरक्या भावंडांसाठी खेळ केला. शाक्य पंडित वारल्यानंतर चोवीस वर्षांनी ज्ञानदेव जन्मले. एवढ्यावरून कोणी एकमेकांचे घेतले असे म्हणणे धाडसाचे होईल. बौद्ध, जैन, वैष्णव यांपैकी पहिला पट कोणाचा, याचा निवाडा आजच्या पुराव्यावर होत नाही. परंतु दोन्ही ठिकाणी लोकांना एकच गोष्ट समजावून घ्यावीशी वाटली. एवढा मोठा माणूस फासे का हाती धरील? तर घरातल्या कोणाचे दुःख हलके करण्यासाठी. सुत्तातल्या यादीला लोकांनी दिलेले हे उत्तर आहे, असे आम्ही समजतो. आणि खेळ रचणाऱ्यांनीही त्या यादीतला मुख्य आक्षेप काढून टाकला होता. द्यूतातला पण त्यांनी ठेवला नाही. युधिष्ठिराने भाऊ लावले, स्वतःला लावले, द्रौपदीस लावले. मोक्षपटावर लावण्याजोगे काही नसते. हरणाऱ्याचे कोणी काही नेत नाही. फार तर तो नरकाच्या घरात बसून आपली पाळी येण्याची वाट पाहतो, आणि सारे घर त्याला हसते.

आता हा पट समुद्रापार कसा गेला ते पाहू, कारण त्यात आपल्या पुण्याचा हात आहे. पेशवाई १८१८ साली बुडाल्यावर पुण्यास कलेक्टर म्हणून आलेले हेन्री डंडास रॉबर्टसन यांनी लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीस एक पट दिला. नाव फार बोलके आहे: 'शास्त्र्याचा स्वर्ग-नरकाचा खेळ'. साहेबाला तो खेळ कोणी शास्त्रीबोवांनी समजावून सांगितला असावा, असे या नावावरून दिसते. राज्य नुकतेच गेलेले, वर्षासने आणि दक्षिणा यांचे काय होणार या काळजीत शास्त्रीमंडळी. आणि समोर बसून पटावरचा एकेक नरक समजून घेणारा नवा हाकीम. त्या बैठकीचे टिपण कोणी केले असते तर आम्ही बखरींची चार पाने त्यावरून ओवाळून टाकली असती.

इंग्रजांच्या घरी असले खेळ अगदीच नवे नव्हते. सोळाव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीतून निघालेला त्रेसष्ट घरांचा हंसाचा खेळ युरोपभर चालत होता, आणि १८०० च्या सुमारास सद्गुण-दुर्गुणांची घरे असलेला 'सुखाचा प्रासाद' हा पट इंग्लंडात निघाला होता. १८९२ साली लंडनच्या एफ. एच. एअर्स यांनी सापशिडीचे पेटंट घेतले. पहिल्या काही इंग्रजी पटांत चित्रे होती: आळशी मुलगा सापावरून खाली येई, कष्टाळू शिडीने वर जाई. पुढे तीही पुसट झाली. १९४३ साली अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने साप काढून घसरगुंड्या बसविल्या. आपल्याकडे परत आली ती एक ते शंभर आकड्यांची सापशिडी, नावे गळालेली.

नावे गेल्याने काय बिघडले, असे कोणी विचारील. पूर्वी सोंगटी पडली की ती कोठून पडली हे वाचले जाई. नव्याण्णवावरून सातावर आलो याचे दुःख एक. निंदेच्या घरातून कुंभीपाकात आलो याचे दुःख वेगळे. वाचण्याचे काम बहुधा घरातल्या थोराकडे असे आणि तो प्रत्येक घराला एखादी गोष्ट जोडीत असे. मुलाने विचारावे, "आजोबा, मत्सर म्हणजे काय?" आणि आजोबांनी शेजारच्या कोणाचे तरी नाव घेण्याचे कसेबसे टाळावे. कित्येक जुन्या पटांत सापच शिड्यांहून अधिक असत. नव्यात दोन्ही बहुधा सारखे. मुलांची निराशा होऊ नये हा हेतू चांगलाच आहे, त्याची थट्टा आम्ही करीत नाही. परंतु जुना पट करणाऱ्याला मुलांना खोटे सांगायचे नव्हते.

तरीही या पटाची एक मर्यादा आहे, आणि ती सांगण्यास आंबवड्याहून योग्य जागा नाही. पूल ओलांडून समाधीपाशी या. शंकराजी नारायण हे राजाराम महाराजांच्या धामधुमीच्या काळातले कर्ते पुरुष. मोगलांनी घेतलेले किल्ले ज्यांनी झगडून परत आणले त्यांपैकी एक, म्हणून सचिवपदास चढले. राजाराम महाराजांच्या पश्चात त्यांनी ताराबाईंशी शपथपूर्वक निष्ठा बांधली. १७०७ साली औरंगजेब मेला, शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून स्वराज्यात आले आणि त्यांनी सचिवांस आपल्याकडे बोलाविले. शाहू हे संभाजी महाराजांचे पुत्र, गादीचे वारस. त्यांच्याविरुद्ध शस्त्र धरणे म्हणजे शिवछत्रपतींच्या नातवावर शस्त्र धरणे. त्यांस मिळणे म्हणजे घेतलेली शपथ मोडणे. शंकराजींनी दोन्ही केले नाही. त्यांनी येथे आंबवड्यास देह ठेवला. शाहू महाराजांनी पुढे त्यांच्या लहानग्या मुलास, नारो शंकरास, सचिवपदाची वस्त्रे दिली. त्याच घराण्याचे संस्थान १९४८ पर्यंत भोरास नांदले.

ही सोंगटी कोणत्या घरात ठेवावी? तिबेटी पटावर दीक्षेची व्रते मोडणाऱ्यास वज्रनरक नावाचे घर आहे, तेथे गेलेल्याची सुटका फार दुर्घट. म्हणजे शपथ मोडणे वाईट, हे पट जाणतो. आपल्या पटांवर असत्य आहे, स्वामिभक्तीस शोभेल असे सत्य आहे. परंतु दोन सत्ये समोरासमोर उभी राहिली तर काय, याला घर नाही. एका घरात एक नाव, एका घरातून एक वाट. शिवरात्रीच्या रात्री देवळाशेजारी बसून आमची आजी आणि तिच्या जावा पट खेळत, तेव्हा त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर या गृहस्थाची समाधी होती. त्यांच्या कोणाच्या मनात हा प्रश्न कधी आला असेल काय? आजीला विचारावयास हवे होते, असे आता वाटते. तेव्हा आम्हांला साप किती लांब आहे एवढेच दिसत होते.

खेळ आणि यात्रा यांचे नाते आपल्या मुलखात आणखी एका ठिकाणी दिसते, ते जाता जाता सांगतो. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत १२० पाने असतात, प्रत्येक अवताराची बारा. नववा अवतार बुद्धाचा. आणि महाराष्ट्रात दशावतारांची चित्रे काढताना या नवव्याच्या जागी कित्येकदा विटेवरचा विठोबा काढलेला आढळतो. बुद्धाने ज्या यादीतले खेळ टाळले, त्याच जातीच्या खेळात त्याला हिंदूंनी स्वतःच्या पत्त्यांत जागा दिली आणि पंढरपूरचा वेष चढविला! शास्त्रकारांस हे रुचले असेल की नाही कोण जाणे. खेळणाऱ्यांस त्यात काही विशेष वाटले नसावे.

आमच्या पेटीतले कापड गेले ते गेले. त्याच पेटीच्या तळाशी एक पितळी डबी होती, ती मात्र कोणी पाण्यात सोडली नाही, कारण तिचे झाकण घट्ट बसलेले होते आणि आत काय आहे हे पाहण्याची कोणास निकड वाटली नाही. आजी गेल्यावर कित्येक वर्षांनी आम्ही ती उघडविली. आत कवड्या निघाल्या, वापराने पाठी गुळगुळीत झालेल्या. मोजल्या तर पाच होत्या. ढेरे यांच्या संग्रहातल्या पटांना सहा लागतात, हे तेव्हा आम्हांस ठाऊक नव्हते. सहावी हरवली, की कोणी मुलाने चिडून ओढ्यात भिरकावली, की आमच्या घरचा पट पाचांनीच खेळत असत? सभा संपल्यावर ज्यांच्या घरी असा पट किंवा त्याची आठवण असेल त्यांनी पुढे येऊन भेटावे. डबी आम्ही बरोबर आणली आहे.